मिसळीच्या दुसऱ्या शाखेचा प्रोजेक्ट: मोजणीपासून स्वॉटपर्यंत

एमबीएच्या प्रोजेक्टमध्ये पहिला हात जातो तो स्वॉटवर, म्हणजे बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके यांच्या तक्त्यावर. चार चौकोन आखायचे, प्रत्येकात पाच-पाच मुद्दे भरायचे, झालं प्रकरण. नाशिकमधल्या एका मिसळ केंद्रावर आम्ही चौघांनी दोन महिन्यांचा प्रोजेक्ट केला तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक नियम घालून घेतला: कुठल्याही चौकोनात मुद्दा लिहायचा तर त्याच्यापुढे पुराव्याचा नंबर हवा. मुलाखतीतून आला असेल तर मु-४, मोजणीतून आला असेल तर मो-२, सरकारी कागदातून आला असेल तर का-७. नंबर नाही तर मुद्दा नाही. पुढचं जवळजवळ सगळं काम या नियमामुळे वेगळं झालं. ते कसं, हे क्रमानं लिहीत आहोत, म्हणजे पुढच्या बॅचला उपयोग होईल.

केंद्राच्या मालकांचा प्रश्न साधा होता. रविवारी उभं राहायला जागा नसते, मग दुसरी शाखा काढावी का? काढली तर नाशिक रोडला की पाथर्डी फाट्याला? हा निर्णयाचा प्रश्न झाला, संशोधनाचा नाही. त्याचं उत्तर सर्व्हेतून थेट मिळत नाही, कारण ‘आम्ही शाखा काढावी का’ असं गिऱ्हाइकाला विचारलं तर तो ‘हो, काढा की’ म्हणणारच, त्याचं काय जातंय. म्हणून त्या एका प्रश्नाचे चार तुकडे केले. न खाता परत जाणारे लोक किती आणि कोणत्या वेळेला? येणारे शहराच्या कुठल्या भागातून येतात, म्हणजे नवीन शाखेत नवी माणसं येतील की इथलीच तिकडे वळतील? स्वयंपाकघर आणि मसाला दुसऱ्या जागी तसाच्या तसा नेता येईल का? आणि महिन्याला किती प्लेट गेल्या तर खर्च निघेल? प्रत्येक तुकड्याला वेगळी पद्धत लागली. पहिल्याला मोजणी, दुसऱ्याला प्रश्नावली, तिसऱ्याला मुलाखती, चौथ्याला बिलं आणि कॅल्क्युलेटर.

‘ग्राहक समाधानाचा अभ्यास’ हे सिनॉप्सिसवरचं, म्हणजे प्रोजेक्टच्या सुरुवातीच्या आराखड्यावरचं, सगळ्यात लाडकं शीर्षक. ते घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. समाधान मोजून झाल्यावर मालक उद्या वेगळं काय करणार, याचं उत्तर त्या शीर्षकात नसतं.

सरकारी आकड्यांवर फार दिवस घालवले नाहीत. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या सुमारे १४.८६ लाख होती. त्यानंतर जनगणना झालेली नसल्यामुळे हाच आकडा सगळीकडे फिरतो. काही जण तो ‘सध्याची लोकसंख्या’ म्हणून लिहितात, तिथे व्हायवात (तोंडी परीक्षेत) पहिली विकेट पडते. आकड्यासोबत वर्ष लिहायचंच. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन चाळलं, पण मिसळीचा धंदा त्यात सापडणार नव्हताच. जिल्ह्याचं चित्र कळलं, तेवढं पुरलं.

मुलाखतींनी मात्र प्रोजेक्टची दिशाच बदलली. आठ जणांशी बोललो: मालक, आचारी, दोन वेटर, गल्ल्यावरचे काका, पाव देणारा बेकरीवाला, फरसाणवाला आणि पार्किंग बघणारा मुलगा. ‘साधारण किती गर्दी असते?’ असं विचारलं की ‘लई असते’ एवढंच उत्तर मिळतं. ‘काल सकाळी शटर उघडल्यापासून काय काय झालं ते सांगा’ असं म्हटलं की माणूस खुलतो आणि कामाची माहिती आपोआप येते. आचाऱ्याकडून कळलेली गोष्ट पुढे अहवालाचा कणा झाली. मटकी आठ-दहा तास भिजते, मग निथळून फडक्यात बांधली की मोड यायला आणखी बारा ते चोवीस तास लागतात. म्हणजे रविवार सकाळची मटकी शुक्रवारी रात्री भिजलेली असते. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून गारठा उतरतो तेव्हा मोड आणखी उशिरा येतात. रविवारी साडेदहाला मटकी संपली तर त्या क्षणी कोणी काही करू शकत नाही. रस्सा वाढवता येतो, फरसाण मागवता येतं, पाव बेकरीतून धावत आणता येतो, मोड मात्र आणता येत नाहीत. तेव्हा ‘जागा कमी पडते’ ही मालकांची तक्रार खरी आहे की मटकीचा अंदाज चुकतो आहे, हे आधी तपासायला हवं होतं. टेबल कमी पडत असतील तर शाखेचा विचार बरोबर. मटकी कमी पडत असेल तर तीच अडचण दुसऱ्या शाखेतही सोबत जाईल.

म्हणून मोजणी. रविवारी सकाळी आठ ते बारा, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने, कागदावर उभ्या रेघा. एक जण दारात, एक पार्किंगमध्ये, एक आत टेबलांवर नजर ठेवून. पार्किंगमधला माणूस का लागतो, हे पहिल्या रविवारी नीट कळलं नव्हतं. दारात उभं राहून आत येणारे मोजता येतात. पण गाडीतून गर्दी बघून, काच खाली न करताच निघून जाणारे दारापर्यंत येतच नाहीत. आम्हाला नेमके तेच मोजायचे होते. पहिल्या रविवारचे आकडे त्यामुळे बाजूला ठेवावे लागले आणि पुढचे तीन रविवार नव्यानं मोजले. वेळ मोजताना तीन ठिपके धरले: नंबर लावला ती वेळ, टेबल मिळालं ती वेळ, प्लेट समोर आली ती वेळ. पहिल्या दोन ठिपक्यांमधलं अंतर वाढत असेल तर टेबलं कमी आहेत. दुसऱ्या-तिसऱ्यातलं वाढत असेल तर अडचण स्वयंपाकघरात आहे. दोन्ही एकाच ‘वेटिंग टाइम’मध्ये मिसळले की हा फरक पुसला जातो.

प्रश्नावली आम्ही मराठीतच लिहिली, इंग्रजीतून उतरवली नाही. अहवालाच्या परिशिष्टासाठी नंतर इंग्रजी करून दिली. ही उलट दिशा फार महत्त्वाची आहे. इंग्रजी नमुन्यावरून केलेल्या मराठी प्रश्नावलीत ‘आपण या विधानाशी तटस्थ आहात’ अशी वाक्यं येतात आणि रविवारी सकाळी पाव हातात घेतलेला माणूस त्याकडे बघतच राहतो. ‘तटस्थ’च्या जागी ‘काही सांगता येत नाही’ ठेवलं. ‘प्रतीक्षा कालावधी’च्या जागी ‘नंबर लावल्यावर किती वेळ थांबावं लागलं’.

लिकर्ट मोजपट्टी, म्हणजे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतच्या पाच पायऱ्या, रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली. पुस्तकं सांगतात की काही विधानं उलटी ठेवा, म्हणजे न वाचता सरळ टिक मारत जाणारा सापडतो. सल्ला बरोबर, पण मराठीत त्यात एक गोची होते. ‘मला जास्त वेळ थांबावं लागलं नाही’ या विधानाला ‘असहमत’ म्हणणं म्हणजे दोनदा ‘नाही’. पायलटला, म्हणजे आधीच्या चाचणी फेरीला, आलेल्या अठरा जणांपैकी बरेच जण इथेच अडखळले. उपाय असा की उलट विधान ‘नाही’ न वापरता लिहायचं: ‘थांबून कंटाळा आला’. दुसरी गोष्ट, समोर केंद्राचा वेटर उभा असताना कोणी ‘असहमत’ म्हणत नाही. आपल्याकडे तोंडावर वाईट बोलत नाहीत. म्हणून प्रश्नावली टेबलावर भरून घेतली नाही, बाहेर पडताना चपलांच्या स्टँडजवळ भरून घेतली.

मत विचारण्यापेक्षा कृती विचारलेली बरी. ‘मिसळ तिखट वाटली का?’ याला प्रत्येकाच्या जिभेचं वेगळं उत्तर. ‘रस्सा दुसऱ्यांदा घेतला का? किती वेळा?’ याला एकच उत्तर. ‘तुम्ही किती वेळा मिसळ खाता?’ऐवजी ‘गेल्या तीस दिवसांत बाहेर किती वेळा मिसळ खाल्ली?’ ‘चव आणि सेवा कशी वाटली?’ हा एका प्रश्नात दोन प्रश्नांचा नमुना अजूनही दर दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये दिसतो. चव उत्तम आणि सेवा रटाळ असेल तर माणसानं टिक कुठे मारायची? वयाचे आणि उत्पन्नाचे गट करताना २०–३०, ३०–४० असे कोणी करू नयेत, तीस वर्षांचा माणूस दोन्हीकडे बसतो. उत्पन्नाचा प्रश्न सगळ्यात शेवटी, तोही न सांगण्याची मुभा ठेवून. पहिल्याच ओळीला पगार विचारला तर पुढची सगळी उत्तरं आखडतात.

किमतीसाठी व्हॅन वेस्टेन्डॉर्प पद्धत वापरली. पीटर व्हॅन वेस्टेन्डॉर्प या डच अर्थतज्ज्ञांनी ती १९७६ मध्ये मांडली. ‘किती रुपये द्याल?’ असं थेट विचारलं की आपला माणूस घासाघीस सुरू करतो. त्याऐवजी चार प्रश्न: कोणत्या दराला प्लेट इतकी स्वस्त वाटेल की मालाबद्दल शंका येईल, कोणत्या दराला स्वस्त आणि रास्त वाटेल, कोणत्या दराला महाग पण तरी घ्याल, आणि कोणत्या दराला घेणारच नाही. चारही उत्तरांचे वक्र एका आलेखावर काढले की ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे दराचा पट्टा दिसतो. इथे एक चूक हमखास होते. काही जण चारही आकडे उलटसुलट देतात, म्हणजे ‘महाग’चा आकडा ‘स्वस्त’पेक्षा कमी. ते फॉर्म आलेखातून काढायचे आणि किती काढले ते अहवालात लिहायचं. गुपचूप काढायचे नाहीत.

आता नमुना. ‘३८५ फॉर्म लागतात’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अहवालात असतं. तो आकडा येतो असा: विश्वासपातळी ९५ टक्के म्हणून १.९६ चा वर्ग, गुणिले ०.५ गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा, म्हणजे पाच टक्के चुकीचा, वर्ग. उत्तर ३८४.१६, वर नेऊन ३८५. सात टक्के चूक चालवून घेतली तर १९६ पुरतात, दहा टक्के चालवली तर ९७. पण हे गणित यादृच्छिक नमुन्याचं आहे, चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या. मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुगल फॉर्म टाकून पाचशे उत्तरं गोळा केली तरी हे गणित त्याला लागत नाही, कारण तिथे उत्तर देणारे आपल्याच वयाचे, आपल्याच कॉलेजचे. त्यापेक्षा दारात उभं राहून नियमानं निवडलेले दोनशे जण कितीतरी भरवशाचे.

आमचा नियम असा: बाहेर पडणारा दर पाचवा ग्रुप. सुरुवात कितव्या ग्रुपपासून, ते एक ते पाचमधली चिठ्ठी उचलून ठरवायचं. आठवड्याचे चार तुकडे केले: कामाच्या दिवशी सकाळ, कामाच्या दिवशी दुपार, रविवारी साडेनऊच्या आधी, रविवारी त्यानंतर. प्रत्येक तुकड्यातून सारखे फॉर्म. फक्त रविवारी उभे राहिलो असतो तर अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून शिफ्ट सुटल्यावर येणारी माणसं आमच्या कागदावर आलीच नसती. मात्र तुकड्यांतून सारखे फॉर्म घेतले की संपूर्ण गिऱ्हाइकाचा एक आकडा काढताना मोजणीप्रमाणे वजन द्यावं लागतं, नाहीतर कामाच्या दिवसाची दुपार रविवारइतकीच मोठी दिसते. ग्रुपमधून कोणाला विचारायचं, हाही प्रश्न होता. कुटुंबात विचारलं की नेहमी बाबाच पुढे येतात, बाकीच्यांची मतं राहून जातात. म्हणून ‘तुमच्यापैकी अठरा वर्षांवरच्या कोणाचा वाढदिवस सगळ्यात लवकर येतोय?’ असं विचारायचं आणि त्याच व्यक्तीचा फॉर्म भरायचा. लोक हसतात, वाढदिवस आठवतात आणि तेवढ्यात फॉर्म भरायला तयारही होतात. नकार देणाऱ्यांची नोंद वेगळ्या कागदावर. ती नसेल तर प्रतिसादाचं प्रमाण काढताच येत नाही.

कुठून आलात, हा आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता, आणि तोच आधी गंडला. मोकळी जागा ठेवली तर कोणी ‘गंगापूर रोड’ लिहितं, कोणी ‘गंगापूर नाका’, कोणी नुसतं ‘नाशिक’. महापालिकेचे सहा विभाग छापले तर लोकांना आपण पूर्व विभागात की पश्चिम हे माहीत नसतं. शेवटी लोकांच्या तोंडची नावं छापली: पंचवटी, जुनं नाशिक, कॉलेज रोड-गंगापूर रोड, सिडको-अंबड, सातपूर, इंदिरानगर-पाथर्डी फाटा, नाशिक रोड-देवळाली, बाहेरगाव. विभागांत जुळवाजुळव नंतर शीटमध्ये केली.

शीटबद्दल तीन गोष्टी, ज्या कोणी आधी सांगत नाही. देवनागरी आकडे, म्हणजे कोणी वय ‘३५’ असं लिहिलं, तर ते आमच्या शीटमध्ये मजकूर म्हणून बसले आणि सरासरीत धरलेच गेले नाहीत. एररही येत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. न दिलेल्या उत्तराला ९९ कोड दिला असेल तर सरासरी काढण्याआधी ती घरं रिकामी करायची, नाहीतर गिऱ्हाइकाचं सरासरी वय भलतंच वाढतं. आणि प्रत्येक कागदी फॉर्मवर नंबर टाकून तोच नंबर शीटच्या पहिल्या रकान्यात ठेवायचा. दोन आठवड्यांनी एक आकडा विचित्र दिसला की मूळ कागद शोधायला तोच उपयोगी पडतो.

क्रोनबाख अल्फा, १९५१ मध्ये ली क्रोनबाख यांनी मांडलेला, विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा विश्वासार्हतेचा गुणांक, ०.७ च्या वर आला की सगळे निश्चिंत होतात. अल्फा एकाच गोष्टीबद्दलच्या विधानांचा काढायचा असतो. चव, पार्किंग आणि दर यांच्या विधानांचा एकत्र अल्फा काढण्याला अर्थ नाही. तो फार कमी किंवा ऋण आला तर आधी बघायचं की उलट विधानांचे गुण उलटवले आहेत का. दहापैकी नऊ वेळा घोळ तिथेच असतो.

दोन गटांतला फरक योगायोगाचा आहे का हे तपासणारी काय-स्क्वेअर चाचणी हातानं एकदा तरी करून बघावी, सॉफ्टवेअर नंतर. आकडे समजण्यापुरते घेऊ. समजा दोनशे जणांपैकी ८० बाहेरगावचे आणि १२० शहरातले. वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबायला तयार असलेले बाहेरगावचे ५२, शहरातले ५४. एकूण तयार १०६, नाही म्हणणारे ९४. दोन्ही गटांत फरकच नसता तर बाहेरगावचे ‘तयार’ किती असते? ८० गुणिले १०६ भागिले २००, म्हणजे ४२.४. तसेच उरलेल्या तीन घरांचे अपेक्षित आकडे ३७.६, ६३.६ आणि ५६.४. प्रत्येक घरात प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांत ९.६ चा फरक येतो. त्याचा वर्ग ९२.१६. तो प्रत्येक अपेक्षित आकड्यानं भागून चारही उत्तरं मिळवली की ७.७१ येतात. एका स्वातंत्र्यमात्रेला (दोन बाय दोन तक्त्याला ती एकच असते) पाच टक्के पातळीवर उंबरठा ३.८४१ आहे, म्हणजे फरक योगायोगाचा म्हणता येत नाही. बहुतेक अहवाल इथे थांबतात. थांबू नये. ७.७१ भागिले २०० चं वर्गमूळ सुमारे ०.२० येतं, हा क्रेमर्स व्ही, संबंध किती पक्का ते सांगणारा आकडा. म्हणजे संबंध आहे, पण कच्चा आहे. ‘बाहेरगावचे लोक थांबतात, शहरातले थांबत नाहीत’ असं सरसकट वाक्य या आकड्यावरून लिहिता येत नाही. आणि अपेक्षित आकडा कुठल्याही घरात पाचच्या खाली गेला तर ही चाचणी विश्वासाची राहत नाही, गट एकत्र करावे लागतात.

एवढं झाल्यावर मग कुठे आराखडे काढले. पेस्टेलची (राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, पर्यावरणीय आणि कायदेशीर या सहा रकान्यांची) कल्पना फ्रान्सिस अॅग्विलार यांच्या १९६७ च्या मांडणीतून आली. सहा रकान्यांत सामान्यज्ञान भरायचं नसतं. आम्ही प्रत्येक मुद्द्याला एकच प्रश्न विचारला: याचा प्लेटवर किंवा गल्ल्यावर परिणाम कसा होतो? कांद्याचंच बघा. मिसळीवर चिरलेला कांदा लागतोच. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली पण टनाला ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्क बसलं, सप्टेंबर २०२४ मध्ये किमान दर गेला आणि शुल्क २० टक्के झालं, १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. लासलगावात भाव हलला की दुसऱ्या दिवशी आपल्या केंद्राच्या वाटीतला कांदा कमी-जास्त होतो. हा मुद्दा ‘राजकीय’मध्ये टाकायचा की ‘आर्थिक’मध्ये यावर वाद घालत बसू नये. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा आणि त्याचा दर साधारणपणे दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो, त्यामुळे खर्चाचा अंदाज एका महिन्याच्या बिलावर बांधता येत नाही. राज्यात २०१८ ची प्लास्टिकबंदी आणि देशात १ जुलै २०२२ ची एकदा वापरायच्या प्लास्टिकवरची बंदी, यांमुळे रश्श्याचं पार्सल डब्यात द्यावं लागतं आणि डब्याचा खर्च धरावा लागतो. २०२७ चा सिंहस्थ सगळ्यांनीच ‘संधी’ म्हणून लिहिला असेल. लिहावा, पण सोबत हेही तपासावं की पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद असतील तर आपल्या केंद्रापर्यंत माणूस पोचणार कसा.

पोर्टर यांचे पाच घटक (आपसातली स्पर्धा, नवे स्पर्धक, पर्यायी माल, पुरवठादार आणि गिऱ्हाईक), १९७९ सालचे. सगळ्यात मोठी चूक होते ती ‘उद्योग’ न ठरवता सुरुवात करण्यात. आपला धंदा ‘मिसळ’ आहे की ‘रविवारचा नाश्ता’? मिसळ म्हटलं तर इडली-डोसा पर्यायी माल होतो, नाश्ता म्हटलं तर तोच थेट स्पर्धक होतो. आम्ही ‘रविवारची कुटुंबासोबतची न्याहारी’ घेतली, कारण प्रश्नावलीत ‘आज मिसळ मिळाली नसती तर काय केलं असतं?’ असा प्रश्न होता आणि उत्तरं त्याच बाजूची होती. नव्या स्पर्धकांचा धोका नाशकात मोठा. मखमलाबादकडे किंवा गंगापूर रोडला आंब्याच्या झाडाखाली मोकळी जागा, बाज, झोपाळा आणि चांगला आचारी असला की केंद्र सुरू होतं. गिऱ्हाइक एकटा भाव पाडू शकत नाही, पण पुढच्या रविवारी दुसरीकडे जायला त्याला एक पैसाही लागत नाही, त्यामुळे त्याची ताकद ‘कमी’ लिहिणं चूक.

पोर्टर यांचीच १९८५ ची मूल्यसाखळी (माल येण्यापासून गिऱ्हाइकापर्यंतच्या कामांची साखळी) आणि बार्नी यांच्या १९९१ च्या मांडणीवरचं व्ह्रिओ (धंद्याच्या ताकदीला विचारायचे चार प्रश्न) यांनी खरं काम केलं. मसाला मोलाचा आहे, इतरत्र मिळत नाही, नक्कल अवघड आहे, तीन खुणा झाल्या. चौथा प्रश्न: संस्था म्हणून तो वापरता येईल अशी व्यवस्था आहे का? मसाल्याचं प्रमाण एकाच व्यक्तीच्या हाताला माहीत, कुठे लिहिलेलं नाही, वजन नाही, सगळं मुठीनं. दोन शाखा एका मुठीवर चालत नाहीत. हा मुद्दा आचारी आणि मालक दोघांच्याही मुलाखतीत आला होता, म्हणून त्याला दोन नंबर मिळाले.

बीसीजी मॅट्रिक्स, म्हणजे बाजाराची वाढ आणि हिस्सा यांवरून मालाची वर्गवारी, केला नाही. त्यात स्वतःचा बाजारहिस्सा सगळ्यात मोठ्या स्पर्धकाच्या हिश्श्यानं भागायचा असतो. एका पदार्थाच्या एका केंद्राला तो आकडा कुठून आणणार? माल आणि बाजारपेठ जुनी की नवी हे बघणाऱ्या अॅन्सॉफच्या चौकटीवर (१९५७) एक परिच्छेद पुरला: तोच माल, नवी बाजारपेठ.

स्वॉट सगळ्यात शेवटी. आतलं-बाहेरचं वेगळं करायला एक सोपी कसोटी आहे: मालकांनी ठरवलं तर ही गोष्ट ते बदलू शकतात का? हो, तर ती बलस्थान किंवा उणीव. नाही, तर संधी किंवा धोका. ‘पार्किंग कमी’ धोक्यात आणि ‘सिंहस्थ’ बलस्थानात लिहिणारे या कसोटीनं सावरतात. नंबर नसलेले अकरा मुद्दे आम्ही खोडले, त्यात ‘मजबूत ब्रँड’ही होता. मग वाइहरिश यांच्या १९८२ च्या टाउज पद्धतीनं चौकोन एकमेकांशी जोडले. मसाला लिहून ठेवलेला नाही ही उणीव आणि नवे स्पर्धक हा धोका यांच्या जोडीतून पहिली शिफारस निघाली: आधी मसाल्याचं वजन करा.

शेवटी पैशाचं गणित. तेही समजण्यापुरतं. भाडं ६०,०००, पगार १,२०,०००, इतर ३०,०००, महिन्याचा ठरलेला खर्च २,१०,०००. प्लेट १२० ची, तिचा माल आणि गॅस ५०, हातात ७०. भागाकार ३,००० प्लेट, रोज शंभर. इथे दोन ठिकाणी घसरण होते. १२० मध्ये पाच टक्के जीएसटी धरलेला असेल तर खरा दर ११४.२९, हातात ६४.२९, आणि लागतात ३,२६७ प्लेट. रेस्टॉरंटच्या पाच टक्क्यांत मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून ५० चा आकडाही करासकट धरावा लागतो. दुसरं, ‘रोज शंभर’ असा दिवस मिसळ केंद्रात नसतो. चार रविवारी अडीचशे गेल्या तर हजार झाल्या, उरलेल्या २६ दिवसांत करासकटच्या हिशोबानं २,२६७, म्हणजे रोज सुमारे ८७ पाहिजेत. कामाच्या दिवशी नाशिक रोडला सकाळी ८७ प्लेट जातील का, हा खरा प्रश्न आहे. आणि त्या ८७ मधले किती जण आधी जुन्या केंद्रात येतच होते, हे ‘कुठून आलात’च्या रकान्यातून वजा करायचं.

मालकांना अहवालासोबत एक पानी मराठी कागद दिला. त्यात शाखेला ‘हो’ किंवा ‘नाही’ नव्हतं. तीन कामं होती आणि प्रत्येकाला तारीख. मसाल्याची सात दिवस रोज वजनं घेऊन सरासरी लिहून ठेवायची. शुक्रवारी दुपारी मागच्या चार रविवारच्या मोजणीवरून मटकीचा आकडा ठरवायचा आणि तो फळ्यावर लिहायचा. नाशिक रोडला भाड्याची जागा न घेता चार रविवार आणि आठ कामाचे दिवस पार्सलचा काउंटर चालवून पंधरा मिनिटांच्या रकान्यात मोजणी करायची, आणि डबा घेणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: याआधी मूळ केंद्रात कधी आला होता का? कोरे मोजणीचे तक्ते आम्ही त्यांच्या गल्ल्यात ठेवून आलो. प्रश्नावल्यांवरचे फोन नंबर असलेली खालची पट्टी फाडून जाळली, आणि कागद नंबरांच्या क्रमानं बांधून कॉलेजच्या विभागात जमा केले.